स्टूरच्या फाट्यावर

कुत्रा भुंकला नाही. वर्डाने पिकअपची काच आधीच वर ओढून घेतली होती आणि दार नीट लागलंय ना हे दोनदा पाहिलं होतं, कारण स्टूरच्या फाट्यावरच्या त्या तांबड्या कुत्र्याची कीर्ती सगळ्या टिल्डा गावाला माहीत होती. गेल्याच महिन्यात त्याने गॅसवाल्याची विजार फाडली होती. टपालवाला तर तिथे गाडी पुरती थांबवतच नसे, पत्रं पेटीत कोंबून पुढे काढायचा. तो कुत्रा मक्याच्या गेल्या हंगामाच्या खुंटांमधून धावत आला आणि जवळ आला तेव्हा त्याचं शेपूट हलत होतं. शेपूटच नाही, मागचं अख्खं अंग हलत होतं. तोंड वर करून, जीभ बाहेर टाकून तो पिकअपच्या बाजूने खडीवरून धावू लागला. स्टूरच्या घराकडे आत जाणारा रस्ता आला तसा तो पुढे होऊन त्या रस्त्याला लागला, थोडा आत गेला, थांबला आणि मान वळवून वाट पाहू लागला. पिकअप आपल्या मागून येणारच याबद्दल त्याला काही शंका नव्हती. वर्डा सरळ पुढे गेली. आरशात पाहिलं तर तो रस्त्याच्या मधोमध धुळीत उभा होता, आणि आता शेपूट हलत नव्हतं.

तिला तो ओळखत असणं शक्यच नव्हतं. वीस-बावीस वर्षांत ती या रस्त्याने आली नव्हती. आजही आली नसती, पण बर्फ वितळून ओढ्याला पूर आला आणि मुख्य रस्त्यावरचा पूल गेला, आणि आजच तिच्या गाडीची बॅटरी मेली. म्हणून नवऱ्याचा, आर्डेलचा पिकअप काढला. आर्डेल मार्चमध्ये गेला तेव्हापासून तो शेडमध्येच उभा होता. किल्ली फिरवल्याबरोबर रेडिओवर मक्याचे भाव सुरू झाले, त्याने ठेवले होते तिथेच, आणि तिला रडू आलं नाही म्हणून तिने स्वतःला शाबासकी दिली. आणि आता हा कुत्रा. कुत्र्याने पिकअप ओळखला होता. पिकअप एकदोनदा पाहून कुत्रा असा धावत येत नाही. त्याला सवय लागावी लागते. आणि सवय लागावी इतक्या वेळा आर्डेल लिंडक्विस्टचं लेलँड स्टूरच्या घरी काय काम होतं? लेलँडला जाऊन दोन वर्षं झाली. त्या घरात आता त्याची बायको एकटी राहत होती. ऑर्लीन. तिचं नाव मनात आलं आणि वर्डाला तोंडात कडू कडू लागलं.

तशी टिल्डात माणसाची ओळख गाडीवरूनच होते. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता फक्त पहिलं बोट वर करायचं, एवढाच नमस्कार. तेवढ्यात सगळं येतं, बरं चाललंय, पाऊस कमी आहे, बायकोचा गुडघा कसा आहे. चेहरा बघायची गरज पडत नाही. आजसुद्धा वाटेत दोघातिघांनी पिकअप पाहून सवयीने बोट वर केलं, मग काचेमागे वर्डा दिसली आणि ते बोट तसंच अर्ध्यावर राहिलं. गावात एकाच गाडीला कुणी बोट वर करत नसे. स्टूरच्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण सुरुवात कुणी केली हे वर्डाला पक्कं माहीत होतं. सुरुवात तिने केली होती. शाळा बंद व्हायचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चर्चच्या कोपऱ्यावर, लेलँडची गाडी समोरून आली, त्याने बोट वर केलं, आणि तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून सरळ समोर पाहिलं. मागच्या गाडीतल्या माणसाने ते पाहिलं. आठवड्याभरात गावाला सवय झाली. तिला त्याचा तेव्हा पश्चात्ताप झाला नव्हता आणि आजही होत नव्हता. त्या माणसाने तिचं स्वयंपाकघर बंद केलं होतं.

ते स्वयंपाकघर शाळेच्या तळमजल्यावर होतं. बॉयलरच्या बरोबर वर, त्यामुळे जानेवारीतही तिथे बाह्या वर सारून काम करावं लागे. वर्डा तिथली मुख्य स्वयंपाकीण. दर गुरुवारी राजम्याची तिखट उसळ आणि दालचिनीचे गोड रोल असा बेत असायचा. बाहेरच्या माणसाला ही जोडी विचित्र वाटते, पण टिल्डातली मुलं रोल उसळीत बुडवून खायची. गुरुवारी शाळेला दांडी मारायची कुणाची हिंमत नसे. रोल फुगून आले की त्यांचा वास जिन्याने वर चढून गणिताच्या वर्गापर्यंत जायचा आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "वर्डाबाई आज कुणाला शिकू देणार नाहीत." गावातली रेल्वे आधीच बंद झाली होती. रेल्वेच्या ज्या इंजिनिअरने आपल्या बायकोच्या नावावरून गावाला टिल्डा म्हटलं, ती बायको तर इथे कधी आलीच नाही. मग बँक गेली, मग सिनेमाचं थिएटर. प्रत्येक वेळी गाव थोडं हळहळलं आणि कामाला लागलं. पण शाळा होती तोवर शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर दिवे लागत आणि शेजारच्या कॉर्बेटच्या पोरांना फुटबॉलमध्ये हरवता येत होतं. शाळा गेली आणि गेली ती नेमकी त्याच कॉर्बेट गावाला. टिल्डाची पोरं पिवळ्या बसमधून तिकडे जायला लागली आणि दोन वर्षांत त्यांच्याच रंगाचे शर्ट घालून ओरडायला लागली.

निर्णय शाळेच्या मंडळाचा होता. मंडळ सहा जणांचं. गावात उगाच डोकी फुटायला नकोत म्हणून चिठ्ठ्या टोपीत टाकून मत घेतलं, आणि ते कायद्यात बसतं की नाही हे कुणी विचारलं नाही. चार मतं बंद करायला, दोन चालू ठेवायला. तिघांनी बाहेर येऊन तोंडावर सांगितलं की आम्ही बंद करायला मत दिलं, बोला काय म्हणणं आहे. उरलेले तिघे म्हणजे आर्डेल, ड्वेन व्हॉस आणि लेलँड स्टूर. तिघांनीही सांगितलं की आमचं मत चालू ठेवायला होतं. मतं दोन आणि सांगणारे तीन. म्हणजे तिघांतला एक खोटं बोलत होता, आणि तो कोण हे ठरवायला गावाला एक रात्रही लागली नाही. ऑर्लीन माहेरची कॉर्बेटची होती. बस्स, एवढं पुरलं. आर्डेल त्या रात्री घरी आला, बूट काढले आणि खुर्चीत नुसता बसून राहिला. "लेलँडच, दुसरं कोण?" असं वर्डाने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "झोप आता." ते तिला आता आठवत होतं. तो हो म्हणाला नव्हता. नाही असंही म्हणाला नव्हता.

गावात पोचल्यावर ती आधी औषधाच्या दुकानात जाणार होती, पण कॅफेसमोर ड्वेनचा ट्रक दिसला आणि तिने ब्रेक दाबला. ड्वेन खिडकीजवळच्या टेबलावर होता. सहकारी सोसायटीच्या कोठारावर त्याने आयुष्यभर धान्य तोललं, आणि आता निवृत्त होऊनही सकाळ इथे, दुपार तिथे असा त्याचा क्रम होता.

"अगं वर्डा, तू होय! मी म्हटलं, आर्डेल भूत होऊन आला की काय. बोट वर केलं आणि मग घाम फुटला मला."

"भूत झाला असता तर तुझ्याकडे कशाला आला असता?"

"पत्त्यांत हरायला. जिवंत होता तेव्हाही दुसरं काय करायचा?"

ती हसली. कॉफी आली. "पूल गेलाय," ती म्हणाली. "स्टूरच्या फाट्यावरून आले."

"टायर शाबूत आहेत ना?" काउंटरमागून कॅफेवाली जोनेल म्हणाली. "तो मेला कुत्रा टायरसुद्धा चावतो म्हणे."

"भुंकलासुद्धा नाही. शेपूट हलवत होता."

जोनेल पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसायला लागली. ड्वेनने साखरेचं भांडं पुढे ओढलं आणि एक चमचा साखर घालून ढवळत बसला. ड्वेन व्हॉसला मधुमेह आहे आणि तो बिनसाखरेची कॉफी पितो, हे वर्डाला, जोनेलला आणि अख्ख्या गावाला माहीत होतं. "म्हातारा झाला असेल कुत्रा," तो म्हणाला. त्याच वेळी वर्डाला वाटलं की हे दोघं काहीतरी जाणतात. नुसतं जाणतच नाहीत, खूप वर्षांपासून जाणत आहेत, आणि तिच्यासमोर आलं की असंच काउंटर पुसतात आणि साखर ढवळतात. किती वेळा झालं असेल हे? चर्चच्या जेवणात, लग्नांत, आर्डेलच्या अंत्यविधीला ती दारात उभी राहून हात हातात घेत होती तेव्हा? ते सगळे "फार चांगला माणूस होता" म्हणाले, ते काय मनात ठेवून म्हणाले?

"ड्वेन," तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझे रोल कोठारावर कुणाला जास्त आवडायचे रे?"

"कुठले रोल?"

"दालचिनीचे. आर्डेल दर गुरुवारी ताट भरून आणायचा ते."

"आर्डेल?" ड्वेन मोठ्याने हसला. "अगं, आर्डेलने कोठारावर कधी शेंगदाणा आणला नाही. आमचेच खायचा!" मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू थांबवलं. "म्हणजे आणलेही असतील. गुरुवारी माझं डॉक्टरकडे जाणं असायचं ना."

"वीस वर्षं? दर गुरुवारी?"

"पाठीचं दुखणं आहे बाई माझं," ड्वेन म्हणाला आणि ती गोड कॉफी एका दमात पिऊन टाकली.

औषध घ्यायचं राहून गेलं. पिकअपमध्ये येऊन बसली तेव्हा राग कुणाचा जास्त येतोय ते तिला कळत नव्हतं. शाळा गेल्यावरही तिने गुरुवार सोडला नव्हता. हाताला सवय होती, कणीक मोठ्या मापातच मळली जायची, दोन माणसांच्या घरात दोन ताटं रोल व्हायचे. आर्डेलने पहिल्याच गुरुवारी म्हटलं होतं, एक ताट कोठारावर नेतो, पोरं खूश होतील. त्याच संध्याकाळी तिची चर्चच्या गायनाची तालीम असे. ती तिकडे जायची, तो इकडे. परत आल्यावर ती विचारायची, आवडले का? तो म्हणायचा, एक उरला नाही. हे सांगताना तो तिच्याकडे बघायचा का? आता कितीही आठवलं तरी त्याचे डोळे आठवेनात, फक्त रिकामं ताट सिंकमध्ये ठेवणारे हात आठवले. ताट नेहमी धुतलेलं असायचं. पुरुषांच्या अड्ड्यावरून कधी धुतलेलं ताट परत येतं का? हे तिला वीस वर्षांत एकदाही का खटकलं नाही? ऑर्लीनचे हात. ऑर्लीनचा साबण. लेलँडच्या अंत्यविधीला गावातून कुणी गेलं नव्हतं. आर्डेल गेला होता. शवपेटी उचलायला माणसं तरी हवीत, असं म्हणाला होता, आणि तिला त्याचा त्या दिवशी अभिमानही वाटला होता. मूर्ख! तो पेटी उचलायला गेला होता की विधवेच्या शेजारी उभा राहायला?

परतीच्या वाटेवर एका ट्रॅक्टरवाल्याने बोट वर केलं, तिने केलं नाही. चाळीस वर्षांचा संसार तिच्या डोक्यात उलटासुलटा होत होता. प्रत्येक प्रसंग काढून उन्हात धरून बघावासा वाटत होता. मूल झालं नाही तेव्हा तो काय म्हणाला होता? तिची शस्त्रक्रिया झाली त्या आठवड्यात गुरुवार आला होता का? तो चांगलं वागला असेल तर त्याचाही संशय येत होता. आणि सगळ्यात वाईट हे की त्याला जाब विचारायची सोय नव्हती. तो आरामात टेकडीवर झोपला होता आणि तिला या सगळ्याचा निकाल एकटीने लावायचा होता. स्टूरचा फाटा आला. कुत्रा पुन्हा धावत आला, पुन्हा पुढे होऊन त्या रस्त्याला लागला, पुन्हा मागे वळून उभा राहिला. या वेळी ती त्याच्या मागे वळली.

घर तिला वाटलं होतं त्याहून लहान निघालं. ऑर्लीन मागच्या दारातून एप्रनला हात पुसत बाहेर आली. ती सुकली होती. गोबऱ्या गालांची, उंच टाचा घालणारी कॉर्बेटची ऑर्लीन वर्डाच्या मनात इतकी वर्षं तशीच राहिली होती. ही तर एक म्हातारी होती.

"ये," ऑर्लीन म्हणाली. "पिकअपचा आवाज ऐकला आणि क्षणभर वेड्यासारखी दोन कप काढायला गेले. मग आठवलं, तो कसा येईल. ये ना आत. कुत्रा चावत नाही."

"मला बसायचं नाही," वर्डा म्हणाली. "एकच विचारायचं आहे. माझा नवरा तुमच्याकडे कशासाठी येत होता?"

ऑर्लीनने तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे त्याने शेवटपर्यंत सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मग तर तुला बसावंच लागेल."

स्वयंपाकघरात दोन खुर्च्या खिडकीशी होत्या आणि एक टेबलाच्या टोकाला. वर्डा टोकाच्या खुर्चीवर बसली आणि लगेच तिला वाटलं की ही त्याची असणार.

"ते चौथं मत आर्डेलचं होतं," ऑर्लीन म्हणाली.

बाहेर कुत्रा पाणी पीत होता, त्याचा आवाज येत होता.

"खोटं आहे."

"पहिल्याच गुरुवारी येऊन त्याने लेलँडला सांगितलं. इथे, दारात उभा राहून. मी कणसं सोलत होते. म्हणाला, बॉयलर बघायला मी खाली उतरलो होतो, त्याला तडे गेलेत, आणि वर वर्डा उभी असते. मंडळात सांगितलं तर तुम्ही कुणी ऐकलं नाही, नवा घ्यायची ऐपत नाही म्हणालात. मग मी बंदला मत दिलं. आणि घरी गेलो तर तिने तुझं नाव घेतलं, आणि माझं तोंड उघडेना."

वर्डाने टेबलाची कड धरली. हे खरं होतं की स्वतःला बरं वाटावं म्हणून त्याने मागाहून रचलं होतं? बॉयलर खरंच करकरायचा, ती स्वतःच त्याची थट्टा करायची. पण आर्डेलने तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मरू दे, मी तिथेच उभी राहीन. हे त्याला माहीत होतं म्हणूनच त्याने विचारलं नसणार.

"मग गावाला का नाही सांगितलं?"

"चर्चमध्ये उभा राहून सांगतो म्हणत होता. लेलँडनेच अडवलं. अरे, तू सांगितलंस तर ते तुलाही वाळीत टाकतील, आणि माझ्याबद्दलचं काही परत घेणार नाहीत. मग माझ्याकडे यायला उरेल कोण? असं म्हणाला. दोघांनी मिळून ठरवलं." ऑर्लीन पहिल्यांदाच हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मला कुणी विचारलं नाही. कॉर्बेटची कोण होती? मी. दुकानात मला बघून पलीकडच्या रांगेत कोण जायचं ते मी बघत होते. आणि हे दोघं इथे बसून रोल खायचे आणि गव्हाच्या गप्पा मारायचे. कधीकधी वाटायचं, दोघांनाही झाडूने बाहेर काढावं."

"गावाला माहीत होतं तो इथे येतो ते?"

"पिकअप फाट्यावरून दिसतो, वर्डा. सगळ्यांना दिसायचा."

"मग त्यांना काय वाटत होतं?"

"तुला आज सकाळी जे वाटलं तेच," ऑर्लीन म्हणाली.

वर्डाचे कान तापले. म्हणजे गाव इतकी वर्षं तिची कीव करत होतं. तिला सांभाळून घेत होतं, तिच्यासमोर काउंटर पुसत होतं, आणि त्या चुकीच्या गोष्टीवर इतकं खूश होतं की खरी गोष्ट शोधायची गरजच कुणाला पडली नाही. तिला हसावं की ओरडावं ते कळेना. आर्डेलला आपल्या नावाला लागलेला हा डाग माहीत असणार. तरी तो येत राहिला. भित्रा माणूस. इतका भित्रा आणि इतका हट्टी माणूस तिच्या शेजारी झोपत होता आणि तिला वाटायचं, आपण याला आतून बाहेरून ओळखतो.

"रोल तू पाठवतेस असं सांगायचा तो," ऑर्लीन म्हणाली. "उघडपणे बोलायची तिला भीती वाटते, पण मनाने ती तुमच्याबरोबर आहे, असं."

वर्डाने मान खाली घातली. आता एक शब्द बोलली असती तर सगळं निभावून गेलं असतं. हो, मीच पाठवत होते. किती सोपं होतं. ऑर्लीनने स्वतः दार उघडून धरलं होतं. पण ती अशी का बघतेय? ती परीक्षा घेतेय का?

"मी एकही पाठवला नाही," वर्डा म्हणाली. "मला माहीत असतं तर ताट कोंबड्यांना घातलं असतं, पण इथे येऊ दिलं नसतं."

"माहीत आहे मला," ऑर्लीन म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. चर्चच्या कोपऱ्यावर लेलँडच्या शेजारी मीच बसले होते, तुझं तोंड मी पाहिलं होतं. पण लेलँडला ते खरं वाटायचं. रोल खाताना दर वेळी म्हणायचा, बघ, गावात एक तरी माणूस आहे. शेवटच्या आठवड्यात त्याला गिळवत नव्हतं, तरी त्याने थोडा तोंडात धरला. मी त्याला कळू दिलं नाही."

तिने हे रागाने सांगितलं नाही, आणि तेच वर्डाला सहन झालं नाही. ती रडू लागली. आर्डेल गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, नाकातोंडातून, तोंड झाकायचं भान न राहता. ऑर्लीन उठून तिच्याजवळ आली नाही. तिने फक्त एक पुसायचं फडकं टेबलावरून पुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. लेलँडसाठी रडायला आता उशीर झाला होता. आर्डेलवर ओरडायलाही. जिवंत अशी समोरची ही एकच बाई उरली होती.

"कॅफेत ड्वेन अजून बसला असेल," तिने शेवटी नाक पुसून म्हटलं. "दुपारपर्यंत सगळे येतील. मला तिथे काहीतरी सांगायचं आहे, आणि ते तुमच्यासमोर सांगायचं आहे."

"तुझ्या नवऱ्याचं नाव जाईल."

"गेलेलंच आहे. निदान ज्यासाठी जायला हवं त्यासाठी जाऊ दे."

"ते ऐकणार नाहीत, वर्डा. म्हणतील, नवरा गेला म्हणून बाईचं डोकं फिरलं."

"म्हणू दे. येणार की नाही?"

ऑर्लीन उठली. दारातल्या खुंटीवर तिचा कोट टांगलेला होता, तो तिथेच राहू देऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. वर्डा उभी राहिली. वेळ जात होता. आत ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. तिच्या मनात लगेच सुरू झालं, ही येणार नाही, ही आतून कुणाला तरी फोन करतेय, ही मला इथे अशीच उभी ठेवून मजा बघणार, आणि तिचं तरी काय चुकलं, मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. तेवढ्यात दार उघडलं. ऑर्लीनने केस विंचरले होते आणि ओठांना लाल रंग लावला होता. तो एका कोपऱ्यात ओठाबाहेर आला होता.

"बरं दिसतंय का?" तिने विचारलं. "फार वर्षांनी गावात चालले आहे."